छप्पर शासनाचे, घर कोणाचे?

अमेरिका हा शब्द उच्चारताच मराठी मध्यमवर्गीयाच्या डोळ्यांसमोर न्यू जर्सीतील प्रशस्त घर, दारातील दोन मोटारी आणि संगणकासमोर बसलेला मुलगा किंवा जावई उभा राहतो. चार-सहा महिने तिकडे राहून आलेले आजी-आजोबा तेथील रस्त्यांचे आणि शिस्तीचे तोंड भरून कौतुक करतात. त्याच दमात ‘पण तिकडे म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारत नाही हो’ असा निर्वाळाही देतात. हे कौतुक आणि हा निर्वाळा, दोन्ही महानगरांभोवतीच्या सुखवस्तू उपनगरांत बसून तयार झालेले असतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात कोण राहते, कसे राहते आणि ज्याला स्वतःचे घर नाही त्याच्या डोक्यावरचे छप्पर कोण सांभाळते, हे पाहण्याचा योग या आजी-आजोबांना सहसा येत नाही.

तो योग आणायचा असेल तर वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॅकडॉवेल काउंटीकडे पाहावे. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा लोकसंख्येने तालुक्याएवढाच किंवा त्याहूनही लहान. मॅकडॉवेल हा अ‍ॅपलाशियाच्या डोंगररांगांतील कोळशाचा मुलूख. अमेरिकेच्या पोलादाला लागणारा उत्तम कोळसा येथून निघत असे. १९५० साली या काउंटीची लोकसंख्या ९८,८८७ होती. २०२० च्या जनगणनेत ती १९,१११ भरली. सत्तर वर्षांत पाच माणसांपैकी चार माणसे नाहीशी झाली. ना युद्ध, ना महामारी. खाणीत यंत्रे आली, पोलादाची मागणी घटली, १९८० च्या दशकात मोठ्या पोलाद कंपनीने आपला गाशा गुंडाळला आणि तरुण माणसे पोटामागे निघून गेली. २०१६ साली किमबॉल येथील वॉलमार्टचे भव्य दुकानही बंद झाले. खाण गेली, दुकान गेले. मागे उरली ती वृद्ध माणसे.

या मुलखाला घराचे मोल दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील खाणकामगाराचे घर कोळसा कंपनीच्या मालकीचे असे. नोकरी गेली की घर गेले. कामगार संघटनेत नाव घातले तरी घर गेले. १९ मे १९२० रोजी शेजारच्या मिंगो काउंटीतील मेटवान गावात कंपनीचे भाडोत्री हेर कामगारांच्या कुटुंबांना घराबाहेर काढण्यासाठी आले आणि त्यातून झालेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. ज्याच्या हाती घराची किल्ली त्याच्या हाती माणसाची मान, हा धडा त्या डोंगरांनी रक्त देऊन शिकलेला आहे. पुढे याच मॅकडॉवेल काउंटीत १९६१ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळातील अन्नधान्याची पहिली कूपने वाटली गेली. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राला आपल्याच देशातील भुकेची कबुली द्यावी लागली, ती या मुलखामुळे.

भाड्याच्या घराची योजना

अशा ग्रामीण काउंटींसाठी अमेरिकेच्या संसदेने १९६२ साली एक तरतूद केली. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात ‘कलम ५१५’ घालण्यात आले. ही योजना अमेरिकेचे कृषी खाते चालवते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्रामीण माणसाचे घर हा शेतीच्या आणि गावाच्या अर्थकारणाचाच भाग आहे, असे त्यामागील गृहीत होते. आरंभी ही घरे केवळ वृद्धांसाठी होती. १९६६ पासून ती अल्प उत्पन्नाच्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली.

योजनेचे स्वरूप साधे आहे. शासन स्वतः घरे बांधत नाही. खासगी बांधकाम करणाऱ्याला किंवा सेवाभावी संस्थेला ते दीर्घ मुदतीचे कर्ज देते आणि प्रत्यक्ष व्याज एक टक्क्यावर आणून ठेवते. मालकाने नफा मर्यादित घ्यावा आणि घरे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनाच द्यावीत, ही त्यातील अट. ज्या घरांना भाडेसाहाय्याची जोड आहे तेथे भाडेकरू आपल्या हिशोबी उत्पन्नाच्या तीस टक्के रक्कम भरतो, उरलेली शासन भरते. १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या पुढाकाराने सरकारी वसाहतींतील भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांवर बांधली गेली होती. १९८१ साली ती तीस टक्के झाली आणि तोच दंडक सर्वत्र रूढ झाला.

अनुदानित घरे म्हटली की अमेरिकन माणसालाही सेंट लुईस शहरातील प्रुइट-आयगो वसाहत आठवते. तेथे अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती होत्या. गुन्हेगारीने आणि हेळसांडीने त्या अशा पोखरल्या की १९७२ पासून सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. ग्रामीण काउंटीतील घरांचे रूप अगदी वेगळे आहे. एक किंवा दोन मजली बैठ्या इमारती, सरासरी तीसेक बिऱ्हाडे, एक-दोन खोल्यांची घरे, समोर गवताचा तुकडा, टपालपेट्यांची एक रांग. गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ही सरकारी साहाय्याची वस्ती आहे हे सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

तेथे राहते कोण?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाजवळ तयार असते. रोनाल्ड रेगन यांनी १९७६ च्या निवडणूक प्रचारात सरकारी मदतीवर चैन करणाऱ्या एका स्त्रीचे वर्णन सभांमधून केले आणि ते चित्र अमेरिकेच्या मनावर कायमचे कोरले गेले. सरकारी साहाय्य घेणारा म्हणजे धडधाकट असून काम न करणारा आळशी माणूस, हा तेथील समज. आपल्याकडील उजव्या विचाराची मंडळीही कधी कधी हाच समज उसना घेतात आणि ‘फुकटेपणा’वर प्रवचने झोडतात.

वस्तुस्थिती काय सांगते? कलम ५१५ च्या घरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरांचा प्रमुख वृद्ध किंवा अपंग आहे. दहापैकी सुमारे सात घरांची प्रमुख स्त्री आहे. या कुटुंबांचे सरासरी वार्षिक उत्पन्न पंधरा-सोळा हजार डॉलरांच्या घरात जाते. सर्वसामान्य अमेरिकन कुटुंबाचे मध्यम उत्पन्न मात्र ऐंशी हजार डॉलरांच्या पुढे आहे. थोडक्यात, या घराचे दार ठोठावले तर ते उघडणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकटी राहणारी म्हातारी बाई असेल.

तिचा हिशोब मांडून पाहावा. ज्याच्या नावावर पुरेसे निवृत्तिवेतन नाही अशा एकट्या वृद्धाला केंद्रीय साहाय्यातून २०२५ साली महिना जास्तीत जास्त ९६७ डॉलर मिळत होते. त्याचे तीस टक्के म्हणजे २९० डॉलर. एवढे भाडे देऊन उरलेल्या रकमेत तिला अन्न, औषधे, कपडेलत्ते आणि फोन भागवता येतो, जेमतेम का होईना. तीच खोली बाजारभावाने सातशे डॉलरांना घ्यावी लागली तर हाती २६७ डॉलर उरतात. मग औषध घ्यावे की अन्न, हा प्रश्न तिला दर महिन्याला सोडवावा लागेल. तीस टक्क्यांचा तो एक आकडा तिच्या आयुष्यात अब्रूने जगणे आणि लाचारीने जगणे यांच्यामधली भिंत म्हणून उभा असतो.

उरलेल्या घरांतून काम करणारी माणसेही राहतात. वृद्धाश्रमात रुग्णांची शुश्रूषा करणारी, दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहणारी, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी, पदरात एक-दोन मुले असलेली आई. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरच आहे. त्या दराने कोणी वर्षभर एकही सुटी न घेता आठवड्याला चाळीस तास राबले तरी हाती १५,०८० डॉलर येतात. या बाईला आळशी म्हणणारा माणूस एक तर गणितात कच्चा असला पाहिजे, नाही तर मनाने.

वर्णाच्या अंगाने पाहिले तरी ठरीव उत्तर मिळत नाही. अ‍ॅपलाशियाच्या दऱ्यांत या घरांतून बहुतांशी गोरे लोक राहतात, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात कृष्णवर्णीय राहतात आणि टेक्सासच्या सीमेकडे स्पॅनिश बोलणारे. जेथे ज्यांनी पिढ्यानपिढ्या कष्ट केले, तेथे म्हातारपणी त्यांच्याच वाट्याला ही घरे आली आहेत.

कुटुंब कोठे गेले?

येथे आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील आणि तो रास्त आहे. या म्हातारीची मुले कोठे आहेत? ‘पाश्चात्त्यांची भोगवादी, व्यक्तिवादी संस्कृती’ हे त्यावरचे आपले ठरलेले उत्तर. ते अगदीच खोटे नाही. परंतु या मुलखाच्या बाबतीत ते अपुरे आहे.

अ‍ॅपलाशियाच्या दऱ्यांमध्ये एकेका ओढ्याच्या काठाने एकेका कुळाची घरे असत. आजी वरच्या अंगाला, काका खालच्या अंगाला, चुलत भावंडे हाकेच्या अंतरावर. पूर्वजांच्या थडग्यांवर वर्षातून एकदा फुले वाहण्यासाठी दूर गेलेली मुले परत येत. आपल्या भावकीची, कुळाचाराची आणि महालयाची आठवण व्हावी, अशीच ती व्यवस्था होती. ती कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथाने मोडलेली नाही. खाणीचे तोंड बंद झाले आणि मुलगा कामासाठी ओहायोच्या किंवा मिशिगनच्या कारखान्यात गेला. नातू तेथेच जन्मला. मुलगा वाईट नव्हता. गावात त्याला भाकरी नव्हती. अर्थव्यवस्थेने जे कुटुंब तोडले त्याचा दोष सरसकट संस्कारांच्या माथी मारणे सोपे असले, तरी न्याय्य नाही.

मात्र शासनाच्या योजनेने या तुटलेल्या कुटुंबाला सांधण्याचे काम केले का? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. भाडे ठरते ते त्या घरात राहणाऱ्या सर्वांच्या उत्पन्नावर. गावी परतलेला मुलगा आईजवळ राहू लागला आणि कमावू लागला, तर त्याचे उत्पन्न मोजले जाते आणि भाडे वाढते. भाडेकरारात ज्याचे नाव नाही त्याने तेथे राहायचे नाही. पाहुण्याने किती दिवस मुक्काम करावा, यावरही करारात मर्यादा असते. शिवाय घरे बहुतांशी एक-दोन खोल्यांची. या नियमांमागे दुष्टावा नाही. मर्यादित पैसा गरजूलाच मिळावा, हा सरळ हेतू आहे. पण परिणाम असा होतो की शासन ज्या एककाला ओळखते ते एकक कुटुंब नसून उत्पन्नाच्या रकान्यात बसणारी व्यक्ती ठरते. छप्पर मिळते. त्या छपराखाली नातवाला चार महिने ठेवून घेण्याची मोकळीक मात्र मिळत नाही.

आता छप्परही डळमळते आहे

आजची चिंता याहून गंभीर आहे. १९७९ च्या सुमारास कलम ५१५ खाली वर्षाला तीस हजारांहून अधिक घरे उभी राहत होती. पुढे निधी आटत गेला आणि २०१२ पासून नव्या इमारती बांधण्याचे काम जवळजवळ थांबले. आरंभापासून पाच लाखांहून अधिक घरे या योजनेत बांधली गेली. त्यांपैकी सुमारे चार लाखच आज टिकून आहेत. जी टिकली आहेत ती जुनी झाली आहेत. छत गळते, नळ गंजतात, जिने चढवत नाहीत.

त्याहून मोठी मेख कायद्यातच आहे. भाडेसाहाय्य त्या इमारतीच्या कर्जाला जोडलेले आहे. मालकाने शेवटचा हप्ता फेडला की इमारत योजनेबाहेर जाते आणि भाडेकरूचे साहाय्यही त्याबरोबर संपते. एरवी कर्जमुक्ती हा मंगल प्रसंग. येथे मालकाची कर्जमुक्ती म्हणजे आतल्या म्हातारीची बेघर होण्याची घंटा. हप्ते संपत आलेल्या इमारतींची संख्या २०२८ नंतर झपाट्याने वाढणार आहे. अशा भाडेकरूंना दुसरीकडे घर घेण्यासाठी शासन पत्रिका देते. परंतु ज्या काउंटीत भाड्याने देण्याजोगे घरच शिल्लक नाही, तेथे ती पत्रिका म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीवरचा पोहरा. २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्ज संपल्यावरही साहाय्य चालू ठेवण्याचा प्रयोग मान्य झाला, तो अवघ्या एक हजार घरांपुरता. ऐंशीव्या वर्षी डॉक्टर, चर्च आणि ओळखीची चार माणसे सोडून पन्नास मैलांवर जायचे म्हणजे काय, हे कोणत्याही अर्थसंकल्पाच्या रकान्यात लिहिलेले नसते.

आपल्या ओसरीवरून

हे सारे वाचून ‘आपल्याकडे असे नाही’ असा समाधानाचा सुस्कारा सोडण्याआधी कोकणाकडे एकवार पाहिले पाहिजे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची सुमारे सतरा लाखांवरून सोळा लाखांवर आली. तेथे हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. पुरुष मुंबईला, स्त्रिया गावी, ही शतकभराची घडी. प्रारंभी मनीऑर्डर येत असे, आता पैसे बँकेत जमा होतात. पण गणपतीला उघडणारे आणि अनंतचतुर्दशीनंतर पुन्हा कुलूप लागणारे घर तेच आहे. ज्या घराला कुलूप लागत नाही, तेथे बहुधा एकटी म्हातारी असते.

आपल्या शासनाने वेगळा मार्ग पत्करला, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गरिबाला भाड्याचे नव्हे, मालकीचे पक्के घर मिळते आणि ते घरातील स्त्रीच्या किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावावर करण्यावर भर आहे. ज्याच्याजवळ घरापुरतीही जागा नाही, त्याला जागा घेण्यासाठी महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्य दिले जाते. मेटवानच्या खाणकामगाराजवळ नसलेली किल्ली आपल्या घरकुलातील माउलीच्या कनवटीला आहे. मुलगा, सून, नातू किती दिवस राहिले, हे तिला कोणी विचारत नाही.

पण मालकीचे घर झाले म्हणजे घराचे घरपण आपोआप आले असे नव्हे. महाराष्ट्रात निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेला ‘श्रावणबाळ’ असे नाव आहे. २०२३ पासून त्यात महिना दीड हजार रुपये मिळू लागले. योजना उत्तम आहे आणि तिचे नावही हृद्य आहे. तथापि आईबापांची कावड खांद्यावर वाहणाऱ्या पुत्राचे नाव शासकीय योजनेला द्यावे लागावे, आणि आईबापांना पोटगी मिळवून देण्यासाठी २००७ साली संसदेला कायदा करावा लागावा, यातून आपल्या कुटुंबव्यवस्थेच्या प्रकृतीविषयी जे कळते ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वेस्ट व्हर्जिनियातील मुलाला ओहायोला नेणारी भाकरी आणि रत्नागिरीच्या मुलाला मुंबईला, मग पुण्याला, मग न्यू जर्सीला नेणारी भाकरी एकाच पिठाची आहे.

दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्याने देऊन एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, कुटुंब, समाज आणि राष्ट्र ही एकमेकांशी झगडणारी दुकाने नव्हेत, एकाच जीवनाची ती चढती वर्तुळे आहेत, हा त्या विचाराचा गाभा. त्या कसोटीवर पाहिले तर दोन टोकांच्या भूमिका सारख्याच उण्या ठरतात. सर्व काही शासनाने करावे, असे म्हणणारा समाजवादी म्हातारीला छप्पर देतो आणि तिच्या एकटेपणाकडे पाठ फिरवतो. सर्व काही कुटुंबाने करावे, असे म्हणणारा परंपराभिमानी संस्कारांची थोरवी गातो आणि मुलाला गावात भाकरी का मिळाली नाही हे विचारायचे विसरतो. शासनाचे छप्पर, गावातील रोजगार आणि माणसांचा राबता या तिन्हींचा मेळ बसला तरच त्याला घर म्हणावे.

यातील पहिल्या दोन गोष्टींसाठी लोकप्रतिनिधींकडे आणि शासनाकडे आग्रह धरावाच लागेल. तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही अर्थसंकल्पातून येत नाही. कुटुंब प्रबोधनाचे काम आज गावोगाव चालले आहे. ते स्नेहभोजनापुरते आणि व्याख्यानापुरते राहू नये, अशी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील, वस्तीतील अशी घरे मोजावीत, जेथे रात्री एकच दिवा लागतो आणि एकाच ताटात वाढले जाते. त्या घराचे कौल पावसाळ्यापूर्वी कोण शाकारणार, औषध तालुक्याहून कोण आणणार, बँकेत सोबत कोण जाणार, हे नावानिशी ठरवावे. त्यासाठी अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही आणि फलकही लागत नाही.

मॅकडॉवेलच्या डोंगरांत दर महिन्याला २९० डॉलर भरणारी ती वृद्ध स्त्री आळशी नाही, उधळी नाही आणि कोणा परक्या संस्कृतीचे अधःपतित अपत्यही नाही. ज्या भूमीने तिच्या नवऱ्याच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ भरली, त्या भूमीकडे ती हक्काने दोन खोल्या मागते आहे. तिची कीव करण्याचे कारण नाही आणि तिच्याकडे बोट दाखवून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचेही नाही. तिच्या दाराकडे पाहून झाल्यावर आपल्या गावातले कोणते दार गेल्या आठवड्यात कोणी ठोठावले नाही, हे आठवून पाहावे. बहुतेकांना एखादे तरी आठवेल.